जागच्या जागी

स्टूल त्याने आधी वीतभर पुढे सरकवलं, मग आणखी थोडं. फरशीवर आवाज होऊ नये म्हणून पायांखाली जुनं फडकं घातलं होतं. न्हाणीघरात पाणी पडत होतं. ते पडत होतं तोवर बायको बाहेर येणार नव्हती. तो खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत जाऊन बसला, डोळे मिटले, उठला आणि तिच्यासारखा सरळ, हात पुढे न करता स्वयंपाकघराकडे निघाला. स्टुलाची कड नडगीला लागली. फार नाही, जरा कळ आली इतकंच. तेवढंच हवं होतं.

खाली वाकून त्याने स्टुलाचे पाय फरशीच्या कुठल्या सांध्यावर आलेत ते ध्यानात ठेवलं. मग स्टूल उचलून पुन्हा भिंतीशी, त्याच्या नेहमीच्या जागी नेऊन ठेवलं आणि फडकं खिशात कोंबलं. आत बादली उपडी ठेवल्याचा आवाज झाला तेव्हा तो वर्तमानपत्र उघडून बसलेला होता. जिला दिसत नाही तिच्यासमोर वर्तमानपत्राआड तोंड लपवायचं कारण काय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"अहो, ते साहेब किती वाजता येणार म्हणालेत?" केस पुसत पुसत बायको बाहेर आली.

"अकराला."

"मग आज तो निळा नको. मॅडम आल्या होत्या तेव्हा निळाच घातला होता ना? म्हणतील, हिच्याकडे एवढा एकच आहे."

"साहेब काय तुझे कपडे बघायला येतायत?"

"मग काय बघायला येतायत?"

त्याने पान उलटलं. ती हसली, आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून अचूक हवा तोच, फिकट पिवळा झगा काढून आली. तो तिसऱ्या खणात डावीकडे होता. तिथे तो ठेवलेला होता म्हणून तिथे सापडला. पण हे काम कोणाचं, हा प्रश्न त्या घरात कधी निघाला नव्हता.

यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो उभी हयात स्टोअरकीपर होता. बोल्ट, वॉशर, पट्टे, बेअरिंग, सगळं त्याच्या ताब्यात. दिवे गेले तरी कारागीर खिडकीशी येऊन माप सांगायचे आणि तो काळोखात हात घालून नेमकी वस्तू बाहेर द्यायचा. कामगारांनी त्याचं नावच 'कपाट' ठेवलं होतं. आधी मागून म्हणायचे, पुढे तोंडावर म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. माणसाला आयुष्यात निदान एका गोष्टीचा तोरा असावा. त्याला याचा होता.

बायकोची नजर अधू होत होत एकदाची पूर्ण गेली, तेव्हा धीर कसा द्यायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. बोलण्यात तो पहिल्यापासून कच्चा. त्याला जे येत होतं ते त्याने केलं. त्याने घराचं स्टोअर करून टाकलं. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला वस्तू. भांड्यांचे दांडे एका बाजूला. खुर्च्यांचे पाय फरशीवरच्या रंगाच्या ठिपक्यांवर. पायपुसणं चारी कोपऱ्यांत चिकटवलेलं. मुलगी माहेरी आली की कुरकुर करायची, "बाबा, माझी पर्स कुठे ठेवू, तिचाही नंबर लावून द्या." बायको हसायची. पण त्या घरात ती चालायची ते चारचौघांसारखी. काठी नाही, चाचपडणं नाही. खुर्चीतून उठली की ताडताड स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीघरात, तिथून दाराशी. नव्या माणसाला सांगावं लागायचं, तेव्हा त्याचा विश्वास बसायचा.

तो नोकरीवर जात होता तेव्हाची एक गोष्ट दोघंही काढत नसत. नळ दुरुस्त करणारा आपली अवजारांची पेटी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून जेवायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही. बायको तिच्यावर अडखळून पडली. मनगट मोडलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती तिथेच भिंतीला टेकून बसलेली होती. उठून कुठे जायचं म्हटलं, तर आणखी काय काय वाटेत असेल कोण जाणे, म्हणून ती दिवसभर जागची हललीच नव्हती. त्यानंतर त्याने धावपळ करून मदतनीस भत्ता मिळवला आणि नोकरी सोडली. भत्ता म्हणजे काही घबाड नव्हतं. पण तो होता म्हणून तो घरी होता, आणि तो घरी होता म्हणून ती चालत होती.

यंदा सरकारने सगळ्या भत्त्यांची फेरतपासणी काढली आणि इथेच त्याची मती फिरली.

तपासणी हा शब्द त्याने आयुष्यभर एकाच अर्थाने ऐकला होता. स्टोअरची तपासणी असली की आधीचा आठवडा तो झपाटल्यासारखा काम करायचा. फळ्या पुसायच्या, खोके ओळीत लावायचे, चिठ्ठ्या नव्या डकवायच्या. तपासनीस यायचा, इकडेतिकडे बघायचा, बोट ठेवायला जागा सापडायची नाही, सही करून निघून जायचा. कार्यालयातून माणूस येणार म्हटल्यावर त्याने घराचंही तेच केलं. ठिपके नव्याने रंगवले, बिजागऱ्यांना तेल दिलं, खिळ्याचं एक डोकं जरा वर आलं होतं ते ठोकून बसवलं. भत्त्याच्या तपासणीत घर जितकं चोख तितकं आपलं नुकसान, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. दुसऱ्या कोणाच्याही शिरलं असतं.

आलेल्या मॅडम तरुण होत्या, गोड बोलायच्या. बायकोने त्यांना घर दाखवलं, चहा दिला, कपबश्या विसळून फडताळात लावून टाकल्या. "काकू, तुम्ही तर माझ्यापेक्षा टापटीप आहात," मॅडमनी तोंड भरून कौतुक केलं. बायको दिवसभर हवेत होती. संध्याकाळी मुलीला फोन करून तिने ते वाक्य दोनदा ऐकवलं. तो मॅडमना रस्त्यापर्यंत सोडायला गेला आणि तपासणी बिनचूक पार पडल्याच्या समाधानात परत आला.

मग निकाल आला. अर्जदार बाईंना दिसत नाही हे कार्यालयाला मान्य होतं. परंतु त्या दैनंदिन कामं स्वतंत्रपणे करू शकतात, सबब मदतनिसाची आवश्यकता दिसून येत नाही. वाचून दाखवताना 'स्वतंत्रपणे'पाशी त्याची जीभ अडखळली.

"शब्द चांगला लिहिलाय त्यांनी," बायको म्हणाली आणि उठून कामाला लागली.

हरकत घ्यायची सोय होती. त्याने ती घेतली. आज येणारे साहेब वरच्या हुद्द्याचे होते आणि ते लिहितील ते शेवटचं. ते विरुद्ध गेलं तर त्याला मालगोदामातली नोकरी धरावी लागणार होती. गोदामवाल्याशी बोलणं झालेलं होतं. सकाळी जायचं, अंधार पडल्यावर यायचं. मधला सगळा वेळ बाहेरून कुलूप आणि आत ती.

वाटेत काहीतरी ठेवायची कल्पना मुलीची.

"बाबा, तुम्ही घर असं ठेवलंय की आईला दिसत नाही हे मीच विसरते," ती फोनवर म्हणाली होती. "तासाभरासाठी आलेल्या माणसाला कसं कळणार? थोडं इकडचं तिकडे करा. एकच दिवस."

"ती फसवणूक होईल."

"फसवणूक आत्ता चाललीये. तुम्ही हात काढून घेतलात तर काय होतं, एवढंच दाखवायचंय त्यांना. खोटं काय आहे त्यात?"

"आणि तिला लागलं तर?"

"तुम्ही गोदामात गेल्यावर रोज लागेल, बाबा."

बायकोला विश्वासात घ्यायचं त्याच्या मनात दोनदा आलं. पण ती पडण्याचं सोंग करणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. मॅडमच्या त्या एका वाक्यावर ती किती दिवस जगली होती, ते त्याने पाहिलं होतं.

घंटी वाजली ती अकराच्या आधीच.

"मी उघडते," म्हणत बायको उठली. दाराची कडी जड होती, खडखडत निघायची. त्या खडखडाटात त्याने स्टूल उचललं, सांधा बघून ठेवलं आणि आपल्या खुर्चीत येऊन बसला. इतक्या वर्षांत ती घरात वावरत असताना वस्तू जागेवरून हलवायला त्याचा हात पहिल्यांदाच उठला होता.

साहेब पन्नाशी ओलांडलेले, स्थूल, एक गुडघा धरत चालणारे होते. जिन्याने त्यांचा दम काढला होता.

"बूट कुठे काढू?"

"उजव्या हाताला, खालच्या फळीवर," बायकोने सांगितलं. "टाचा भिंतीकडे ठेवा हं."

साहेबांनी निमूटपणे टाचा भिंतीकडे केल्या. ते येऊन बसले, चष्मा पुसला, कागद काढले. बायको आपल्या खुर्चीत ताठ बसली, शाळेत तोंडी परीक्षेला बसलेल्या हुशार मुलीसारखी.

"भाजी कोण चिरतं, ताई?"

"मीच."

"बोट नाही कापत?"

"लग्नाआधी कापायचं. तेव्हा दिसत होतं."

साहेबांना हसू आलं. त्यांनी लिहून घेतलं.

"दूध उतू जातंय हे कसं समजतं?"

"आवाज बदलतो त्याचा. लक्ष देऊन ऐकलंत तर तुम्हालाही समजेल."

"औषधं?"

"सकाळची चौकोनी डबीत, रात्रीची गोल."

एकेक उत्तर बिनचूक होतं. एकेका उत्तराने ती त्याला गोदामाच्या दाराकडे ढकलत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता. त्याला तिचा राग आला. आणि लगेच, राग आला याची शरम वाटली.

"मग काका काय करतात दिवसभर?" साहेबांनी विचारलं.

"ते ना? माझ्या मागे मागे आवरत असतात," ती म्हणाली. "तेवढाच त्यांना विरंगुळा."

साहेबांचं पेन चाललं. आता गप्प बसून भागणार नव्हतं.

"साहेब, मी वस्तू जागेवर ठेवतो," तो म्हणाला.

"हो, ते दिसतंच आहे. घर छान ठेवलंय."

"तसं नाही. म्हणजे त्या जागेवर नसतील तर..."

"तर?"

बायकोचा चेहरा त्याच्याकडे वळला होता. तिला दिसत नसलं तरी ती कोणाकडे पाहते आहे हे नेहमी कळायचं. स्टोअरच्या खिडकीतून त्याने जन्मभर वस्तू बाहेर दिल्या होत्या. त्यांच्यासोबत बोलावं कधी लागलं नव्हतं.

"कसं आहे, काका," साहेब समजुतीने म्हणाले, "मला जे दिसेल तेच लिहावं लागतं. ऐकीव लिहिलं की वरचे मलाच धारेवर धरतात."

"चहा टाकते," बायको म्हणाली.

"नको हो, कशाला त्रास."

"त्रास कसला त्यात!"

ती उठली. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. ती रिकाम्या हाताने जाणार, स्टुलाला लागणार, थोडी डगमगणार आणि तो दोन पावलांत तिला सावरणार, असं त्याने मनाशी धरलं होतं. पण साहेबांना प्रवासाचं काहीबाही विचारत ती निघाली, त्यामुळे त्यांच्या खुर्चीच्या बाजूने जरा कलून गेली. झग्याची कड स्टुलाला घासली, इतकंच. ती आत पोचलीसुद्धा.

त्याचा जीव भांड्यात पडला. हे अगदी खरं: आधी त्याला बरं वाटलं, सुटल्यासारखं वाटलं, आणि मग समोर साहेब पेनाला टोपण लावताना दिसले.

आत भांड्यांचे आवाज झाले, पाण्याला उकळी फुटली. साहेब गुडघा चोळत बसले होते.

"माझ्या आईलाही शेवटी शेवटी दिसत नव्हतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बिछान्यातून उठायचीच नाही ती. हाक मारली की फक्त मान वळवायची. यांचं खरंच कौतुक आहे."

ते मनापासून बोलत होते. त्या मनापासूनच्या कौतुकात सगळं बुडणार हे त्याला समजत होतं आणि तो मान डोलावत होता.

बायको ट्रे घेऊन दारात आली. तीन कप काठोकाठ भरलेले, वाफाळते. आता तिला कोणाशी बोलायचं नव्हतं. ती तिच्या रोजच्या वाटेने निघाली, सरळ, नेहमीच्या वेगाने, हनुवटी किंचित वर. तिचा तो तोरा. त्याच्या डोळ्यांसमोर अंतर कमी होऊ लागलं.

थांब, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. शब्द तोंडात आलाही होता. साहेब तिच्याकडेच पाहत होते. त्याने ओठ उघडले आणि तसेच ठेवले.

ट्रे आधी गेला. मग ती गेली, त्याच्यावरच, कोपर आणि हनुवटी फरशीवर आपटत. पुढे करायला हात मोकळे नव्हते. कप फुटले. तिच्या तोंडून आवाज निघाला तो ओरडण्याचा नव्हता, नवल वाटल्यासारखा होता.

"ताई!" गुडघेदुखीचे साहेब त्याच्या आधी पोचले. ते फरशीवर बसले, तिच्या हातावरचा चहा आपल्या रुमालाने टिपू लागले. "काका, पाणी! गार पाणी आणा!"

तो धावला. मगातून पाणी आणलं तेव्हा साहेबांनी तिला बसतं केलं होतं. तिचं मनगट लाल होत चाललं होतं, हनुवटी सोलवटली होती. तिचा दुसरा हात मात्र बाजूला स्टुलावर होता. त्याची कड ती बोटांनी हळूहळू चाचपत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे वाटेत कसं आलं?" साहेबांनी विचारलं. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"मीच ठेवलं होतं मघाशी," बायको म्हणाली. "विसरले."

"असं नेहमी होतं का?"

स्टुलावरचा हात तिने काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"होतं."

"मग आधी का नाही सांगितलंत? मी एवढं विचारत होतो."

"लाज वाटते हो," ती म्हणाली.

साहेब खुर्चीत परत गेले, पेनाचं टोपण काढलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. बाकी खोलीत फुटक्या कपांचे तुकडे गोळा केल्याचा तेवढा आवाज होता. निघताना त्यांनी फळीवरून बूट काढले आणि दारातच थांबले.

"काका, यांना एकटं सोडू नका," ते म्हणाले. "मी माझ्याकडून व्यवस्थित लिहिलंय."

संध्याकाळी तो तिच्या मनगटाला मलम लावत होता. भाजलेल्या जागी फोड आला होता. तो बोटाच्या टोकाने, श्वास धरून लावत होता. ती हात पुढे करून, मान दुसरीकडे वळवून बसली होती.

"स्टूल मी नाही विसरत कधी," ती म्हणाली.

"माहितेय."

"अजून काय काय हलवलंय?"

"काही नाही गं. तेवढंच. शपथ. आणि तेही लगेच परत ठेवलं."

तिने ऐकून घेतलं. बाहेर कोणीतरी गाडी लावत होतं, ती मागे घेताना तिचा टीं टीं आवाज बराच वेळ चालू राहिला.

"मी ट्रे घेऊन आले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

तो स्वयंपाकघरात होता असं म्हणता आलं असतं. न्हाणीघरात होता म्हणता आलं असतं. तिने पाहिलं नव्हतं.

"खुर्चीत," तो म्हणाला.

"बघत होता?"

"हो."

तिने मान हलवली. "झाकण लावा त्या मलमाचं, वाळून जाईल," एवढं म्हणून तिने हात मागे घेतला. त्याला रडू आलं. तिला ते ऐकू गेलं असणार, कारण तिच्या कानांतून काहीच सुटत नसे. पण ती बोलली नाही, आणि तिने बोलावं असं म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

मनगट बरं झालं. हनुवटीवरची खपली पडली. मुलगी येऊन राहून गेली आणि जाताना जिन्यात त्याला म्हणाली, "बाबा, आई जरा थकलीये का हो?" त्याने हो म्हटलं. आई दिवसचे दिवस खुर्चीतच बसलेली असते आणि उठली तर भिंतीच्या कडेकडेने जाते, हे मुलीला दिसलं होतं. त्याने निराळं काय सांगायचं?

भत्ता चालू राहिल्याचं पत्र सकाळी आलं. त्याने ते उभ्यानेच फोडलं आणि मोठ्याने वाचलं. अर्जदार बाईंना घरात वावरताना सतत सोबतीची गरज आहे हे पाहणीत दिसून आल्याने भत्ता कायम करण्यात येत आहे, यापुढे फेरतपासणीची आवश्यकता नाही.

"चला," बायको म्हणाली, "सुटलात गोदामातून."

"सुटलो."

"बरं झालं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याने तो आनंदाने सोसला असता. ती म्हणाली, "चहा करते. आज मीच करते," आणि त्याला इतकं बरं वाटलं की तो पत्र हातात धरूनच तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. कितीतरी दिवसांत ती ओट्याशी उभी राहिली नव्हती. तिने भांडं घेतलं, पाणी मोजून ओतलं, शेगडी पेटवली. सगळं तसंच. फळीवर हात नेऊन तिने साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, चमचा आत घातला.

मग ती थांबली. चमचा बाजूला ठेवून तिने चिमटीत चार दाणे घेतले आणि जिभेवर टाकले.

"साखरच आहे," तो दारातून म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. साखर घालून तिने डबा बंद केला. मग चहापत्तीचा डबा खाली घेतला, उघडला आणि नाकाशी नेला.